नावं ठेवणारे अण्णा

बिराजदार अण्णा हॉटेलात शिरले की लगेच बसायचे नाहीत. आधी दारात उभे राहायचे. मान जराशी वर करायचे आणि नाकानं एक लांब श्वास घ्यायचे. मागच्या गिऱ्हाइकाची वाट अडली तरी त्यांना त्याचं काही नसायचं. कढईतलं तेल कालचं की आजचं, आमटीला फोडणी पडून किती वेळ झाला, बेसनाला जुनाट वास आहे का, हे सगळं त्यांना तेवढ्या एका श्वासात कळायचं. मग एक तर "बसू या की" म्हणून ते टेबलाकडे वळायचे, नाहीतर काही न बोलता पायऱ्या उतरायचे. ते उतरले की हॉटेलवाला गल्ला सोडून मागं यायचा.

"अण्णा, काय झालं? बसा की."

"तेलाला रिटायर कर आता," अण्णा चालता चालता सांगायचे. "लई सर्विस झाली त्याची."

अण्णांना जाऊन आता वर्ष होत आलं. सोलापुरात नवी हॉटेलं निघतच असतात, दारावर फुगे लावलेली, फोटोसारखी दिसणारी. त्यांच्या पायऱ्या चढताना मी अजून दारात क्षणभर थांबतो. मला काही कळत नाही, कळणारही नाही. पण थांबतो.

पाटबंधारे खात्याच्या ऑफिसात ते हेडक्लार्क होते आणि मी त्यांच्या हाताखाली बदलून आलेला कारकून. मी कुर्डुवाडीचा. वडील रेल्वेच्या वर्कशॉपात, घरात खाणारी तोंडं भरपूर, आणि आईचा सगळ्या प्रश्नांवर एकच उतारा: भुकेला कोंडा, निजेला धोंडा. ताटात पडेल ते खायचं आणि उठायचं. अन्नाला नावं ठेवणं आमच्या क्वार्टरमध्ये पाप होतं. त्यामुळे हा माणूस मला सुरुवातीला अजिबात आवडला नाही. देव दोन वेळचं देतोय आणि ह्याचे हे नखरे.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या डब्यात डोकावून पाहिलं.

"काय आणलंय, मोरे?"

"बटाट्याची भाजी."

"कशी झालीय?"

"छान."

अण्णांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "छान म्हंजे काय? छान साडीला म्हणत्यात. भाजी खारट असतीय, आळणी असतीय, कच्ची असतीय, न्हायतर जमलेली असतीय. छान कधी नसतीय."

त्यानंतर त्यांनी मला सोलापूर खायला शिकवायचं मनावर घेतलं. बाळीवेशीतली कलावतीबाईंची खानावळ, तिथली कागदासारखी पातळ कडक भाकरी. मंगळवार पेठेतलं चटणीचं दुकान, जिथं उखळाचा दणका गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू यायचा आणि शेंगाच्या चटणीला आपसूक तेल सुटलेलं असायचं. अशोक चौकात सकाळी उभी राहणारी तेलुगू बाईंची इडलीची गाडी. अण्णा त्या बाईंशी मोडकं तेलुगू बोलायचे आणि त्या मराठीत उत्तर द्यायच्या. पार्क चौकातली भजी. प्रत्येक ठिकाणी त्यांचं काही ना काही बिनसलेलं असायचं. भाकरी आज जाड, चटणी आज बारीक, इडलीचं पीठ थंडीनं फुगलेलं नाही. आणि गंमत अशी की ज्यांना ते नावं ठेवायचे तीच माणसं त्यांना बघून खुर्ची पुसायची.

एकदा मी वैतागून म्हणालो, "अण्णा, एवढं वाईट असतं तर येता कशाला?"

"वाईट कोण म्हणालं?" त्यांना खरंच नवल वाटलं. "ज्याच्यावर आपलं लक्ष हाय त्यालाच नावं ठेवतो आपण. लक्ष नसलं की मानूस छान म्हणतंय आन् उठतंय."

आणखी एक नेम होता त्यांचा. पार्सल घ्यायचं नाही. आयुष्यात कधी घेतलं नाही म्हणायचे. "पार्सल म्हंजे पदार्थाची बदली, मोरे. हितं त्याला मान हाय, नव्या जागी कोण वळखतंय?" एकदा मुंबईहून आलेल्या मोठ्या साहेबांनी मीटिंगमध्ये पार्कची भजी मागवायला सांगितली. अण्णा उठले, साहेबांच्या खुर्चीपाशी गेले आणि अत्यंत अदबीनं म्हणाले, "भजी येणार न्हाईत साहेब. आपल्याला जावं लागतंय." साहेब गेले. गाडीवाल्याच्या बाकड्यावर बसून टाय खांद्यावर टाकून खाल्ली त्यांनी. परत येताना अण्णा मला हळूच म्हणाले, "मिरची मात्र आज कोवळी नव्हती."

त्यांचं खरं जोडीदार माणूस म्हणजे महानंदाकाकू. मैंदर्गीच्या. अण्णांचं वडिलार्जित रानही मैंदर्गीलाच, त्यामुळे दोघं घरात कानडी बोलायची. जुळे सोलापुरात आम्हाला त्यांच्याच गल्लीत घर मिळालं, तेही अण्णांनीच बघून दिलं, म्हणून रविवारी दुपारी त्यांची स्कूटर निघताना मला दिसायची. काकू एका बाजूला पाय सोडून बसलेल्या, पदर खोचलेला, चेहऱ्यावर परीक्षेला निघालेल्या पोरीसारखा भाव. जायचं बहुतेक कलावतीबाईंकडे.

एकदा माझी बायको माहेरी होती, तर मलाही बोलावलं; मी सायकलवर त्यांच्या मागोमाग गेलो. ताटं आली आणि दोघांचं कानडीत जोरात सुरू झालं. मला वाटलं भांडणच. मी भाकरीत तोंड घालून बसलो.

"काय न्हाय वो," अण्णा मला म्हणाले. "ही म्हणतीय वांग्यात कारळं जास्त पडलंय. मी म्हणतोय कारळं न्हाय, शेंगाचं कूट जास्त भाजलंय."

कलावतीबाई पळी हातात घेऊन आतून आल्या. दोन्ही बाजू नीट ऐकून घेतल्या. "कूट जास्त भाजलंय," त्यांनी निकाल दिला. "काकू, तुमी चुकलाव आज."

काकूंनी परतीच्या वाटेवर अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला नाही, सीटच्या कडीला धरून बसल्या. पुढच्या रविवारीही मी बरोबर होतो; काकू मात्र ताट टेबलाला टेकायच्या आत म्हणाल्या, "दही कालचं हाय." आणि ते कालचंच होतं. तेव्हा अण्णा जे हसले, तसं हसताना मी त्यांना ऑफिसात बढतीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

घरीही तेच. काकूंच्या हातची शेंगाची चटणी अख्ख्या गल्लीत वाखाणलेली. अण्णा चिमूटभर जिभेवर ठेवायचे आणि म्हणायचे, "लसूण एका पाकळीनं कमी हाय." काकू म्हणायच्या, "कुठली पाकळी ते बी सांगा, आणून टाकते." मला एकदा म्हणाल्या होत्या, "ज्या दिशी ह्ये जेवताना काय बोलत न्हाईत नव्हं, त्या दिशी मला भ्या वाटतंय." मी तेव्हा हसलो. नवरा-बायकोची थट्टा म्हणून सोडून दिलं.

अण्णा रिटायर झाले आणि पुढच्याच वर्षी काकूंना अर्धांगाचा झटका आला. ओट्यापाशीच पडल्या. वाचल्या, पण डावं अंग गेलं. वाचा हळूहळू थोडीशी परत आली, अडखळत, एकेक शब्द. गिळणं मात्र आलं नाही. पाण्याचा घोट दिला तरी ठसका लागून जीव घाबरा व्हायचा. डॉक्टरांनी नाकातून नळी घातली आणि सांगितलं की आता ह्यावरच. दूध, डाळीचं पाणी, डब्यातली पावडर, सगळं मोठ्या सिरिंजनं त्या नळीतून. खाण्यावर जीव असलेल्या बाईच्या तोंडाला चव म्हणून काही राहिलं नाही. माणसाच्या नशिबात काय लिहावं ह्याला काही धरबंद असावा की नाही, असं मला त्या वेळी फार वाटायचं. अजून वाटतं.

अण्णांनी त्या घरात फोडणी बंद केली. वास काकूंपर्यंत जाईल म्हणून. आमच्या स्वयंपाकघरात येऊन, ओट्याला टेकून उभ्या उभ्या ते दोन भाकरी खायचे आणि घरी जाण्याआधी साबणानं हात धुऊन बडीशेप चावायचे. माझ्या बायकोनं वाढलेल्या कशालाही त्यांनी त्या दिवसांत नावं ठेवली नाहीत. ती बिचारी घाबरून मला म्हणाली, "अण्णा बरे आहेत ना?"

एका रविवारी मी त्यांच्याकडे बसलो होतो. काकूंनी उजवा हात उचलून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे दाखवला.

"रविवार," त्या म्हणाल्या. मग अण्णांकडे बघून, "होग्री." जा, असं.

"कुठं जाऊ?"

"कलावती."

"तुला सोडून? खुळी हायस काय?"

काकूंनी डोळे मिटले, शब्द गोळा केले. "खाऊन या. हेळ्री मला." हेळ्री म्हणजे सांगा.

अण्णा गेले नाहीत. दुसऱ्या रविवारी काकूंनी सकाळचं दूध घ्यायला नकार दिला, सिरिंज हातानं ढकलली. तेव्हा गेले. परत आले ते तोंड न धुता, हाताला लसणाचा वास घेऊन, आणि पलंगाजवळची खुर्ची ओढून बसले. सांगायला सुरुवात केली ती दारापासून. दारात उभा राहिलो, आत मेथी परतायला घेतली होती, तेल थोडं जास्त तापलेलं. बसलो. भाकरी आली, कड जरा जाड. काकू डोळे मिटून ऐकत होत्या. ते थांबले की म्हणायच्या, "मत्त?" म्हणजे, आणि मग? अण्णा पुन्हा सुरू. वांगं, चटणी, दही. "वांगं शिजलंय, पन देठ कच्चा ऱ्हायलाय," असं ते म्हणाले तेव्हा काकूंच्या ओठाची उजवी कड वर गेली. डावी जात नव्हती. पण हसल्या त्या, मी पाहिलं.

तेव्हापासून दर रविवारी अण्णा खाऊन यायचे आणि काकू ऐकायच्या. चांगल्या गोष्टी त्या नुसत्या ऐकून घ्यायच्या. कुठं काही बिघडलं असलं की मात्र डोळे उघडायच्या आणि म्हणायच्या, "मत्त?"

लोक बोलायचे ते बोललेच. बायको अंथरुणावर आणि हा हॉटेलात. एका रविवारी काकूंचा भाऊ शिवप्पा मैंदर्गीहून न कळवता आला. अण्णा घरात नव्हते. कुठं गेले विचारल्यावर दिवसभर काकूंना सांभाळणाऱ्या बाईंनी सरळ सांगितलं, जेवायला खानावळीत. अण्णा आले तेव्हा शिवप्पा दारातच उभा होता. मी त्यांच्या मागोमागच होतो.

"दाजी, लाज हाय का न्हाय तुमाला?" तो म्हणाला. "माझी भन नळीवर पडलीया, आन् तुमी हॉटेलात ढेकर देऊन येताव?"

अण्णा खाली बघत चपला काढायला लागले. आतून काकूंचा आवाज आला. "शिवप्पा. गप." आणि मग नेहमीच्या स्वरात, "मत्त?"

अण्णा जाऊन खुर्चीवर बसले आणि सांगायला लागले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडानं भेंडी चिकट झाल्याचं सांगणं चालू होतं. शिवप्पा आमच्याकडे पाठ करून दाराच्या चौकटीला टेकला होता. सांगून संपलं तेव्हा त्यानं न वळताच विचारलं, "भाकरी कुणी थापलीती, कलावतीनं का सुनेनं?" पुढं तो मैंदर्गीहून फोन करायचा तर आधी विचारायचा, "ह्या रविवारी कुठं जाऊन आलाव, दाजी?"

मग ती साथ आली. हॉटेलं बंद, गाड्या बंद, उखळाचा आवाजही बंद. त्या महिन्यांत अण्णा काकूंना जुनी जेवणं सांगायचे. लग्नातली हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, अक्कलकोटला खाल्लेली शेंगापोळी. दुसऱ्या वर्षी त्यांना स्वतःलाच तापानं गाठलं. दवाखान्यात राहून आले ते निम्मे होऊन. हळूहळू सावरले, हॉटेलंही उघडली, आणि एका रविवारी मी त्यांना पार्क चौकात भजी खायला घेऊन गेलो.

तिथली गाडी जाऊन आता छोटं दुकान झालं होतं. अण्णा दारात थांबले नाहीत. सरळ आत जाऊन बसले. मला वाटलं, पायात त्राण नसेल. भजी आली. तेलाला इतका जुनाट वास होता की कुर्डुवाडीच्या माझ्या नाकालाही तो कळला. अण्णांनी एक खाल्लं, दुसरं खाल्लं, तिसऱ्याला हात घातला.

"अण्णा, तेल खराब आहे," मी म्हणालो.

हातातलं भजं त्यांनी बशीत परत ठेवलं. "वास येतोय?"

"येतोय की. तुम्हाला?"

त्यांनी बशी बाजूला सरकवली. "तिखट टोचतंय जिभेला. मीठ कळतंय. बाकी कागद चावल्यावानी. डॉक्टर म्हणतोय नाक गेलंय, येईल न्हायतर न्हाय येणार." मग माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाले, "तिला कळू द्यायचं न्हाय, मोरे. तिचं तेवढं एकच खाणं हाय."

म्हणून मी त्यांचं नाक झालो. जगात दुसरं कुणी मिळालं नसतं काय. दर रविवारी आम्ही दोघं जायचो, मी खायचो, आणि अण्णा वही नसलेल्या कारकुनासारखे माझ्या तोंडाकडे टक लावून बसायचे.

"सांगा. आमटी कशी हाय?"

"छान."

अण्णा कपाळाला हात लावायचे.

"म्हणजे... जमलीय."

"काय जमलंय? चिंच जमली, गूळ जमला, फोडणी जमली? वास कशाचा येतोय आधी?"

"आमटीचा," मी म्हणायचो. खोटं कशाला सांगू, मला तेवढाच यायचा. आईनं आम्हाला भूक भागवायला शिकवलं होतं, वास घ्यायला नाही. शेवटी अण्णा माझी दोन-चार मोडकी वाक्यं घेऊन घरी जायचे आणि त्यांना आपल्या आठवणीतला मसाला लावून सांगायचे. भाकरी खुसखुशीत, वांगं मऊ, चटणीला तेल सुटलेलं. काकू डोळे मिटून ऐकायच्या. "मत्त?" म्हणायच्या. मला वाटायचं, आमचं चाललंय बरं.

एकदा अण्णा औषधाच्या दुकानात पावडरचा डबा आणायला गेले आणि मी काकूंजवळ बसलो होतो. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं.

"मोरे. ह्यांचं नाक गेलंय नव्हं?"

मी पलंगावरची चादर सारखी करायला लागलो.

"पयलं सांगताना... दारात उभारायचे," त्या म्हणाल्या. एकेक शब्दाला त्यांना श्वास लागत होता. "आता एकदम आत जाऊन बसतेत." थोडं थांबून म्हणाल्या, "लई दिस झालं. कुणाला नावं ठेवली न्हाईत. समदं छान." त्यांच्या ओठाची उजवी कड जराशी हलली. "ती तुमची जीभ हाय."

डाव्या डोळ्यातून पाणी कानाकडे ओघळलं. त्या बाजूचा हात त्यांना उचलता येत नव्हता. मी टॉवेलानं टिपलं. त्यांनी उजव्या हातानं माझं बोट धरलं.

"ह्यांना म्हाईत न्हाय, मला कळलंय. ऱ्हाऊ दे तसंच." मग म्हणाल्या, "पन तुमी नावं ठेवा की. ह्यांच्यासाठी. नावं ठेवल्याबिगर... त्यो मानूस न्हाय."

अण्णा डबा घेऊन आत आले, तेव्हा मी टॉवेलाची घडी घालत होतो.

घरी येऊन मी सराव सुरू केला. जेवताना म्हणालो, "डाळीत हळद जास्त आहे." बायकोनं पळी खाली ठेवली. "कुर्डुवाडीला सासूबाईंना कळवू का, मुलगा बिघडला म्हणून?" तरी मी सोडलं नाही. नाही कळलं तिथं सरळ रचून सांगायला लागलो. कलावतीबाईंच्या पिठल्यात गुठळ्या होत्या. दह्याला फ्रीजचा वास लागला होता. मेथी निवडताना काड्या ठेवल्या होत्या. त्या माउलीनं माझं काहीच बिघडवलं नव्हतं, पण मी तिच्या जेवणावर बोट ठेवतच गेलो. अण्णांचा चेहरा खुलत गेला.

"बगा, बगा," ते म्हणायचे, "जीभ सुटाय लागली तुमची. आन् फ्रीजचा वास म्हंजे कुठला? कांद्याचा का नुसताच?"

"कांद्याचा."

"हां. मग झाकण उघडं ऱ्हायलं असणार."

आणि घरी खुर्ची ओढून, पहिल्यासारखं दारापासून. दारात उभारलो, तर आतनं... काकू डोळे उघडून माझ्याकडे बघायच्या. एकदा अण्णा पाणी आणायला उठले तेव्हा हळूच म्हणाल्या, "खोटं हाय. चालतंय." त्या दिवशी मला ऑफिसातल्या कुठल्याही शाबासकीपेक्षा जास्त बरं वाटलं.

थंडीच्या दिवसांत, एका सकाळी काकू गेल्या. त्रास झाला नाही. आम्ही त्यांना मैंदर्गीला अण्णांच्या रानात नेलं. ती लिंगायत माणसं, त्यांच्यात पुरतात, बसवून. कपाळाला भस्म लावलेलं होतं आणि नाकातली नळी काढलेली होती. किती दिवसांनी मी त्यांचा चेहरा नळीशिवाय पाहिला. तिसऱ्या दिवशी समाधीवर नैवेद्य ठेवायला मी पुन्हा गेलो. शिवप्पानं केळीच्या पानावर भाकरी, वांगं, हुग्गी आणि शेंगाची चटणी मांडली. अण्णा वाकले, चटणीची चिमूट जिभेवर ठेवली आणि तसेच उकिडवे बसून राहिले.

"ह्यात काय कमी हाय ते मला कळंना, शिवप्पा," ते म्हणाले. "काय सांगू तिला?"

शिवप्पानं त्यांना खांद्याला धरून उठवलं. गडी रडत होता.

सोलापुरात परत आल्यावर अण्णांनी रविवारी बाहेर पडणं बंद केलं. आमच्याकडून डबा जायचा, रिकामा यायचा, खाल्ला की कुणाला दिला ते कळायचं नाही. खुर्चीसमोरची काकूंची जागा मोकळी होती, पलंग घडी करून ठेवलेला. मी एके रविवारी जवळजवळ ओढूनच त्यांना कलावतीबाईंकडे नेलं. आत जाताना ते दारात थांबले नाहीत. थांबायचं कारणच उरलं नव्हतं.

ताटं आली. भाकरी, झुणका, दही. मी सवयीनं सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. आता कशाला, असा. आम्ही जेवायला लागलो. त्यांनी झुणक्याचा घास घेतला, चावला, आणि चावायचे थांबले. मला वाटलं ठसका लागला. त्यांनी झुणका पुन्हा चिमटीत घेतला आणि नाकाशी नेला.

"मोरे," ते म्हणाले, "लसूण करपलाय."

मी माझा झुणका खाल्ला. मला अर्थातच काही कळलं नाही.

"करपलाय की," अण्णा म्हणाले. "कलावती, लसूण करपलाय काय आज?"

कलावतीबाई दारात आल्या, पदरानं हात पुसत, ओशाळलेल्या. "व्हय अण्णा. फोन वाजला म्हणून वळले, तेवढ्यात फोडणी लागली. कुणाच्या बी ध्यानात आलं न्हाय बगा."

अण्णा उठले. हात न धुता, चप्पल कशीबशी पायात सरकवून, ताठ चालत बाहेर गेले, तसेच, जसे रविवारी निघायचे घरी सांगायला. मी दारातून बघितलं. त्यांनी डाव्या हातानं किल्ली लावली, स्कूटर स्टँडवरून काढली. आणि तिथंच उभे राहिले. कुणाला सांगायचं ते त्यांना तिथं उभं राहिल्यावर आठवलं. मागं कलावतीबाईंनी तोंडाला पदर लावला होता.

बऱ्याच वेळानं ते परत आत आले.

"ह्यो झुणका बांधून दे," ते म्हणाले.

कलावतीबाईंना ऐकलेलं खरं वाटेना. "पार्सल? अण्णा, थांबा की, दुसरा करून देते. ताजा."

"ताजा नको. ह्योच दे."

"मैंदर्गीला जाताय?" मी विचारलं. "स्कूटरवर? अहो, पोचेपर्यंत गार होईल."

"व्हऊ दे," अण्णा म्हणाले. "करपलेलं गार झालं तरी कळतंय. तिला तर कळंलच."

कलावतीबाईंनी झुणका डब्यात घातला, वर एक भाकरी घडी करून ठेवली, आणि डबा स्वतः त्यांच्या स्कूटरच्या पुढं, पायांच्या मधे नीट बसवला. मी बरोबर येतो म्हणालो, तर नको म्हणाले. मला वाटलं दोन दिवसांत परत येतील. ते आले नाहीत. शिवप्पाकडेच राहिले, रानात. अधूनमधून फोन यायचा. शिवप्पाच्या सुनेच्या भाकरीला नावं ठेवायचे, विहिरीच्या पाण्याला ठेवायचे, आणि मी ऐकत राहायचो. नंतर फोन शिवप्पाचा आला. मी पोचायच्या आत काकूंच्या शेजारीच बसवलं त्यांना.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या रविवारी दुपारी. मी चालत कोपऱ्यापर्यंत आलो होतो. पुढच्या चौकात अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्याला ते सिग्नलला उभे होते, उन्हात, पाय टेकवून. डबा पायांमधे. उजव्या हाताला झुणका तसाच लागलेला होता, न धुतलेला, आणि तो हात नाकाशी धरून ते वास घेत होते. सिग्नल सुटला तरी घेत होते. मागच्या रिक्षावाल्यानं दोनदा हॉर्न दिला, तेव्हा निघाले.